शिशाचा भाव

लोहामंडीत मुस्तनसिरभाईंच्या काट्यावर
मी काकांचा छापखाना ठेवला.
तीन गोण्या. वर खडूने लिहिलेलं: खिळे.
पोऱ्याने एक उघडली आणि वैतागला,
"कीलें बोली थीं, ये तो कुछ और है."

कसं सांगायचं त्याला, आमच्याकडे
भिंतीत ठोकतात तेही खिळे,
आणि लग्नपत्रिकेत
"आमचे येथे श्रीकृपेकरून" उभं करतात तेही.

सोबत मुळ्ये आले होते, आमचे जुळारी.
रामबागेतल्या त्या खोलीत चौतीस वर्षं उभे.
रेशनकार्डावर कुण्या बाबूने त्यांचं "मूल्य" करून टाकलेलं,
ते दुरुस्त करायला कधी गेले नाहीत.
"ळ नाही त्यांच्याकडे. काय करतील बिचारे."

मुस्तनसिरभाईंनी मूठभर पसरले,
एक चिमटीत धरून उजेडात फिरवला.
"ये चश्मा काहे का है?"
मुळ्ये हसले. त्या दिवसात एकदाच.
"ह्याचं घर मी अगदी हाताशी ठेवायचो.
बाजूच्या प्रेसला लागायचा नाही कधी,
आपल्याला ओळीओळीला लागे."

भाव एकशे बासष्ट.
शिसं, अँटिमनी, किंचित कथील.
पीथमपूरला जाईल, मोठ्या भट्टीत,
तिथे धूर धुऊन मगच सोडतात.
पूर्वी इथेच, मागच्या गल्लीत, कढईत वितळवायचे.
मुस्तनसिरभाईंचा धाकटा भाऊ असायचा कढईपाशी...
पुढे बोलले नाहीत, पावती लिहू लागले.
भट्टीतून लगडी, लगडींच्या जाळ्या,
जाळ्यांच्या बॅटऱ्या ई-रिक्षांत.

मी एक ळ मुठीत लपवला होता.
मुळ्यांनी पाहिलं.
"ठेव परत. एकटा खिळा काय बोलणार?
आणि शिसं काय आज पहिल्यांदा वितळतंय?
झिजले की फाउंड्रीत देऊन नवे आणायचो आपण.
गुळवण्यांच्या मुंजीला लावलेले खिळे
त्यांच्याच तेराव्याच्या पत्राला लावलेत मी.
रात्रीत सोडवायचे, सकाळी पुन्हा जुळवायचे."

मी ळ काट्यावर टाकला.
आकडा हलला नाही.

परवा राजवाड्यापाशी ई-रिक्षा खड्ड्यात आदळली.
"हळू," मी म्हणाले, घरात म्हणावं तसं.
"क्या?" त्याने मान वळवली,
आणि न कळताच
वेग कमी केला.