भोकं

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी वाळू चाळली,
साचे भरले,
रस ओतताना श्वास धरून उभा राहिलो.
पंपाची केसिंगं, ट्रॅक्टरची हाउसिंगं,
एकदा मेव्हणीच्या लग्नात द्यायला बिडाचा तवा.
पिठाला मात्र हात लावला नव्हता.
पीठ मालनच्या खात्यातलं.

रिटायर झालो त्याच्या चौथ्या महिन्यात
लेकीनं पुण्याहून तिचा जुना ओव्हन पाठवला,
ट्रॅव्हल्सच्या डिकीतनं, चादरीत गुंडाळून.
मालननं त्यावर पापडाचा डबा ठेवला.

मग एका रविवारी कट उकळत असताना
कोपऱ्यावरची बेकरी बंद निघाली.
पाव आणू का, मी विचारलं.
"पाव खायला आपण काय मुंबईचं पावणं हाय व्हय?"
एवढंच म्हणाली,
आणि ओव्हनवरचा डबा उचलून खाली ठेवला.

खालच्या मजल्यावर दस्तगीर बागवान राहतो,
जन्म बेकरीच्या भट्टीपुढं गेला,
भुवया अजून अर्ध्याच.
म्हणाला, मैदा अर्धा किलो, पाणी कोमट,
यीस्ट चमचाभर, साखर चिमूट,
मीठ लांब ठेव, यीस्टच्या अंगावर टाकू नकोस.
मळायचं. कुठवर?
त्यानं सरळ माझा कान धरला,
एकाहत्तर वर्षांच्या माणसानं बासष्ट वर्षांच्या माणसाचा:
"ह्या पाळीएवढं मऊ."

तर मी ओट्याशी उभा,
एक हात पिठात, एक कानाला,
पुन्हा पिठात, पुन्हा कानाला,
आणि मालन दारात, पदर तोंडाशी.

गोळा ओल्या फडक्याखाली ठेवला.
साचा झाकला की आम्ही बिडी ओढायला जायचो.
बिडी डॉक्टरनं बंद केलीय, म्हणून समोरच बसलो.
तासाभरात फडकं वर आलं,
खाली मांजर शिरल्यागत.
बोट खुपसलं. खळगा हळूहळू भरत आला.
मला घाम फुटला.
आत हवा होती.

हवा म्हणजे ब्लोहोल.
हवा म्हणजे तांबड्या खडूची फुली,
कुरणे सुपरवायझरची मान नकारार्थी,
नगाचे पैसे कापून.
सळईनं साच्याला टोचे मार मार मारायचे,
तिला वाट करून द्यायची,
तरी ती राहायची दडून कुठंतरी
आणि गिऱ्हाइकाच्या लेथवर, पहिला काट घेताना,
तोंड उघडायची.

जिन्यातनं हाक मारली,
"दस्तगीर, हवा धरलीया ह्यानं!"
खालून आवाज आला,
"मग एवढा वेळ काय दगड मळत हुतास?"

ओव्हनचं दार मी तीनदा उघडलं.
भट्टीत डोकावायची खोड.
त्यामुळं एका अंगानं तो बसला,
दुसऱ्या अंगानं जरा जास्तच तांबूस झाला,
आणि वास असा की
वरच्या मजल्यावरच्या पोरानं अभ्यास सोडला.

दस्तगीरनं तो फडक्यात धरून पालथा केला,
बुडावर बोटाच्या पेरानं टकटक.
बद्द आवाज.
माझा चेहरा उतरला. बीड असं वाजलं
की मोडीत जातं. चांगला नग
देवळातल्या घंटेगत वाजतो.
"पोकळ वाजला," दस्तगीर म्हणाला, "झाला."

गार होऊ दे म्हणाला होता. कोण थांबतंय.
मालननं सुरी घातली.
आत भोकं.
ज्वारीएवढी, हरभऱ्याएवढी,
एक तर करंगळी जाईल एवढं.
माझा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, खडूसाठी.
खरंच गेला.
खिशात चष्मा होता. तो लावला
आणि पुन्हा बघितलं.

मालननं तुकडा कटात धरला.
तांबडा रस भोकाभोकातनं वर चढला,
एक कोपरा न सोडता,
असा रस मी कुठल्याच साच्यात भरलेला बघितला नव्हता.

ती चावली. थांबली.
"मीठ विसरलासा."

वाटी ओट्याच्या पार टोकाला होती,
यीस्टपासनं लांब,
सांगितल्याप्रमाणे.