दिवस सहावा

साडेसातला नाश्ता. आठला प्रस्थान.
दहा पंचवीस : बाथ. मधाच्या रंगाचे दगड,
स्वच्छतागृहासाठी सुटे पैसे जवळ ठेवावेत.
एक वाजता जेवण, जैन पर्याय उपलब्ध.
अडीचला सायरेन्सेस्टर. चर्च. फोटो.
चारला बोर्टन, घोट्याइतक्या नदीचं गाव,
बसतळापासून चालत दहा मिनिटं.

हे मी लिहिते.
टिळक रस्त्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर,
एकोणीस वर्षं.
सायरेन्सेस्टर टाइप करताना बोटं अजून अडखळतात.
नकाशावर बोट ठेवून
किती सदाशिव पेठा मी पुलांवरून पार नेल्या,
किती थेपले कुठल्या कुठल्या बाकांवर सोडायला लावले,
अमक्या चौकात छत्र्या उघडा,
तमक्या वळणावर माणसं मोजून घ्या.
माझ्या पासपोर्टची पानं
लग्नातल्या कोऱ्या पाकिटांसारखी.
संध्याकाळी भेकराईनगरची बस, तीही उभ्यानं.

मंगळवारी खासनीस आले.
चार पायऱ्या, थांबा. चार पायऱ्या, थांबा.
मी तक्रारीचा फॉर्म काढला.
त्यांनी तो उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं :
बसतळ ते नदी, बावीस मिनिटं.
'प्रमिलाच्या गुडघ्यानं,' म्हणाले,
'तेही शंभर पावलांवरून परत फिरलो, उरलेली हिशेबानं काढली.'

'म्हणजे नदी राहिली?'

'मी जाऊन आलो. छान आहे.
एवढंसं पाणी आणि केवढी ऐट,
आपल्या मुठेला एकदा नेऊन दाखवा.
ही बसमध्येच बसली.'

मी खेद व्यक्त करायला तोंड उघडलं.
'थांबा हो,' ते म्हणाले, 'पुढचं ऐका.'

ड्रायव्हरनं टाय सैल केला, उकडलेलं अंडं सोललं,
टरफलं वर्तमानपत्रात नीट घडी घालून ठेवली,
जणू कुणाला परत करायची होती.
एका नवरीनं गाडीच्या डिकीवर बसून
उंच टाचा काढल्या आणि गमबूट चढवले.
पिवळ्या चोचीचा एक काळा पक्षी
बसच्या आरशातल्या स्वतःशी तासभर भांडला.
मग काठी टेकत एक म्हातारी आली,
काचेवर टकटक केलं,
बोटानं विचारलं : गुडघा?
हिनं बोटानं सांगितलं : डावा.
तिनं आपला उजवा दाखवला.
दोघी हसल्या म्हणे, काचेवर वाफ धरेपर्यंत.

'चौदा दिवसांची सहल,
आणि घरी आल्यापासून ही एवढंच सांगते.
दूधवाल्याला, माझ्या बहिणीला, बँकेतल्या पोरीला.
राजवाडा कसा होता विचारलं
तर म्हणते, होता.'

मी त्यांना थांब्यापर्यंत सोडायला निघाले.
फोन म्हणतो तीन मिनिटं.
अकरा लागली.
आठव्या मिनिटाला रद्दीवाल्याच्या तराजूत
एक मांजर झोपलेलं दिसलं,
दुसऱ्या पारड्यात दोन किलोचं वजन, अगदी समतोल.
रद्दीवाला म्हणाला, रोजचंच आहे, बाई.
रोजचं?
एकोणीस वर्षं मी याच पदपथावरून
तीन मिनिटांत जाते.

दुसऱ्या दिवशी माहितीपत्रकात
मी दहाचे बावीस केले.
साहेबांनी लाल पेननं परत दहा केले,
म्हणाले, बावीस वाचून कोण येईल?

खरंय. कोण येईल.

मग मी शेवटच्या पानावर गेले,
विमा, व्हिसा, हवामानातील बदल,
मुंगीच्या अक्षरातल्या त्या अटी,
ज्या साहेबसुद्धा वाचत नाहीत.
कलम सतरा आणि अठरा यांच्यामध्ये
एक ओळ घातली :

दिवस सहावा, बोर्टन.
ज्यांना चालणं जमणार नाही,
त्यांनी कृपया खिडकीची जागा घ्यावी.
डावीकडची.