हात विसरायचा

पहाटे साडेचारला धनकवडीतून निघालो
तेव्हा स्कूटरच्या सीटवर दव होतं. पुसलं नाही, तसाच बसलो.
चेलाडी फाट्यावर चहा. टपरीवाला म्हणाला, आज वेल्ह्याला सात.
म्हटलं, सात वाजेपर्यंत पोचतोच की.
तो म्हणाला, वाजायचे नाही, थंडीचे.

डिसेंबरात गुंजवणी म्हणजे
एकमेकांशी बोलणं टाकलेले डोह,
मधे घोट्याएवढं पाणी, निरोपापुरतं.
तळाचा खडा न् खडा दिसतो,
आणि आपल्याला तळ दिसतो तेव्हा
तळालाही आपण दिसतो,
म्हणून वाकून गेलो. गुडघ्यांनी शिव्या दिल्या.

थंडीत मासा धावत नाही.
पावसाळा सरताना पिठाच्या गोळीवर तुटून पडणारी खडशी
आता कातळाला पोट लावून असते,
संपाच्या दिवसांत आम्ही कंपनीच्या गेटवर असायचो तशी,
हलायचं नाही, एवढंच ठरवून.
तिच्यापुढे काही नाचवायचं नसतं.
जिग टाकायची, बुडू द्यायची,
हात विसरायचा.

हरभऱ्याएवढं शिसं, आठ नंबरचा गळ,
त्यावर केसांचा झुबका, लाल दोऱ्याने आवळलेला.
दोरी थांबते, शिसं थांबतं,
केस थांबत नाहीत.

या केसांपायी तीन हिवाळे गेले.
शिरवळच्या बाजारातली बोकडाची दाढी: राठ.
खारीचं शेपूट मिळत होतं, मन धजलं नाही.
सलूनमधून पुडीत आणलेले माणसांचे केस
पाण्यात गेले की एकमेकांना धरून बुडतात,
माणसांसारखेच.

मग मोरीतल्या फळीवरचा अण्णांचा ब्रश.
दाढीचा. लाकडी मुठीचा, मुठीला एक चीर.
अकरा वर्षं कुणी हलवला नव्हता,
फळी पुसताना सगळे त्याच्या भोवतीनं पुसत.
कात्री लावली तेव्हा घरात कुणी नव्हतं.
एका जिगला चिमूटभर लागतात. हिवाळ्याला चार जिग.
पाण्यात पहिल्यांदा पडली की
प्रत्येक जिग एक बुडबुडा सोडते. एकच.

वरच्या अंगाला वाघमाऱ्यांची सोमी
दगड उलथून खेकडे बघत होती.
बराच वेळ माझं काही-न-करणं तिनं पाहिलं.
"पाणी आजून जागं न्हाई झालं, दादा.
ऊन येऊ दे. त्या पिवळ्या कातळाखाली टाक,
तिथं आधी ऊब धरतं."
जवळ येऊन तळहातावर जिग घेतली, फुंकर मारली.
"कुनाचं क्यास?"
म्हटलं, ब्रशचे.

ऊन आलं साडेनवाला.
पिवळ्या कातळाखाली टाकली. बुडबुडा. मग काही नाही.
हिवाळ्यातला घास झटका देत नाही.
दोरी फक्त जरा जड होते,
मागून येऊन कुणी खांद्यावर हात ठेवावा
आणि बोलू नये, तशी.

मी ओढलं.
डोह उघडला, सोनेरी कूस एकदा वळली,
हाताएवढी होती, खोटं सांगत नाही,
आणि सरळ कातळाच्या धारेकडे गेली.
दोरी सैल पडून माझ्या बुटांवर येऊन बसली.

सोमी हसली नाही.
"गेली तर गेली. काय होतं तुझं त्याच्यात?"
"दोन ग्रॅम शिसं," मी म्हणालो.
गळ गंजून आठवड्याभरात गळून पडेल, तिला काही होणार नाही,
हेही सांगितलं. तिनं विचारलं नव्हतं.

डब्यात अजून एक जिग होती.
बांधली नाही.
काठावर बसून पोळी-भाजी खाल्ली,
सोमीला अर्धी दिली, तिनं दोन खेकडे दिले,
ते घरी येईपर्यंत डिकीत खुडबुडत होते.

ब्रश परत फळीवर आहे.
केस बोटभर उरलेत, एका बाजूला कललेले.
आज दाढी करताना सहज
गालावर फिरवून पाहिला.
फेस नीट होत नाही आता.