रफार

काळाचौकीच्या छापखान्यात मी खिळे जुळवायचो,
म्हणून रशियाची लढाई मी उलटी वाचली,
रणगाडे पोटावर, माणसं डोक्यावर.

उभयकरबाई भाषांतर आणायच्या,
पाठकोरे कागद, हिरवी शाई.
पहिल्याच फर्म्यात रफार संपले.
पानोपानी बर्फ, बर्फात बर्चची झाडं, पुढे सार्जंट,
आणि शेजारच्या केसवर गणू
गेटमीटिंगच्या पत्रकासाठी तेच रफार मागत होता:
मोर्चा. संघर्ष. वर्ग. पार्टी.
मालक म्हणाला, डोक्यावर र घेतल्याशिवाय
तुमचा एक शब्द उभा राहत नाही का रे?

बाईंनी बर्फ पाहिला नव्हता.
मी पाहिला होता, ससून डॉकला,
भुशात गुंडाळलेला, पापलेटांच्या अंगाखाली.
आयरे, त्यावर चालताना आवाज कसा येत असेल?
मी म्हटलं, वडाळ्याच्या मिठागरात येतो तसा.
त्यांनी तसंच लिहिलं.
त्या पुस्तकात अख्खी पलटण
वडाळ्याच्या मिठावरून चालत जाते.

अकराव्या प्रकरणात बेकरीतला पोरगा होता.
एकोणीस वर्षांचा.
रात्री खंदकातून उठला, बंदूक पुसून जागेवर ठेवली,
म्हणाला, आईनं पीठ भिजवलं असेल, फार आंबेल,
आणि निघाला.
राजकीय अधिकाऱ्यानं पाठीत गोळी घातली.
आदल्या प्रकरणात त्यानंच आपला अर्धा पाव त्याला दिला होता.
मग खाली बसून
पोराच्या बुटाची सुटलेली नाडी बांधली.

कॉम्रेड धुरत नवी आवृत्ती घेऊन आले, मॉस्कोहून आलेली,
तिच्यात तोच पोरगा
हातबॉम्ब छातीशी धरून रणगाड्याखाली झोपत होता.
बाई म्हणाल्या, दोन्हींवर लेखक एकच आहे.
धुरत म्हणाले, चुकला होता, सुधारला.
माणसानं सुधारू नये का?
त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नव्हतं, लाठीपासून.
बाई उजव्या बाजूला उभ्या होत्या,
तरी पुढचं काही बोलल्या नाहीत.
सही केली.
जाताना मला म्हणाल्या, ते पान मोडू नका एवढ्यात.

मी ते सुतळीनं बांधून दगडी टेबलाखाली सारलं.
झाडताना पायाला लागायचं.

पुस्तक निघालं. तीन रुपये.
धाकटा भाऊ चाळीच्या गॅलरीत मोठ्यानं वाचायचा,
साच्यावरून सुटलेली माणसं ऐकत बसायची,
आणि रणगाड्यापाशी आलं
की बिड्या हातातच विझायच्या.
मीही रडलो तिथे.
खरं पान माझ्याच टेबलाखाली होतं, तरी रडलो,
आणि ते रडू खोटं नव्हतं.
याचा हिशोब मला अजून लागत नाही.

ब्याऐंशीत संप लागला.
मालकानं नवे खिळे आणणं बंद केलं,
जुने झिजून नकटे झाले.
एका रात्री दोन हजार पत्रकं हवी होती
आणि केसमध्ये रफार नाही.
रफाराविना मोर्चा वाचून बघा.
मी वाकून सुतळी सोडली.
आधी बर्फातले काढले,
मग बर्चचे,
मग गोळी ज्या वाक्यात होती त्यातले.
सकाळी ते भिंतीभिंतीवर ओले होते,
खळ अजून गरम होती.

बाई आल्या त्या एक्याण्णव सालच्या डिसेंबरात,
तो देशच नकाशातून वगळला गेला तेव्हा.
काठी टेकत जिना चढल्या.
छापखान्यात आता लग्नपत्रिका व्हायच्या, ऑफसेटवर.
विचारलं, ते पान?
मी म्हटलं, मोर्च्यात गेलं.

त्या स्टुलावर बसल्या. चष्मा पुसला.
म्हणाल्या, म्हणजे शेवटी लढायला लावलंच आपण त्याला.

चहा आला.
बशीत ओतून फुंकत राहिल्या,
मोर्चा कुठवर पोचला
हे काही त्यांनी विचारलं नाही.