अठरावी चौकट

व्यायामशाळेकडे जाणाऱ्या बोळात
सतरा चौकटी आहेत, आणि अठरावीची जागा.
वर पितळी अक्षरांत: आमचे नामवंत माजी विद्यार्थी.
त्यातलं एक अक्षर एकोणनव्वदच्या हिवाळ्यात गळून पडलं,
त्याचा आकार अजून भिंतीवर वाचता येतो.

मी चौतीस वर्षं या शाळेच्या कचेरीत होते.
हजेरीची कार्डं, लसींचे दाखले,
आईच्या सहीची नक्कल केलेल्या चिठ्ठ्या,
सगळं माझ्या हातून गेलं.
म्हणून या चेहऱ्यांपुढे मला
म्हणावं तसं भारावून जाता येत नाही.

आर्ने सिल्टानेन, हॉकीचा गोलरक्षक,
मोठ्या संघाकडून दोन हंगाम बर्फावर उभा राहिला.
फोटोत त्याचे पुढचे दात आहेत.

डोलोरेस व्हुकेलिच पूल बांधते.
कुठल्या तरी दूरच्या खंडात
तिच्या पुलावरून आगगाडी जाते, असं पाटी सांगते.
कार्ड सांगतं: बीजगणित, क.
शेरा: तास चालू असताना खिडकीबाहेर बघत बसते.
खिडकीबाहेर लोखंडाच्या खाणीचा खड्डा होता,
लाल, तळाशी हिरवं पाणी,
या काठावरून त्या काठावर जायला नऊ मैलांचा वळसा.
काय बघतेस, असं तिला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.

न्यायमूर्ती प्रेबिल यांच्याकडे
ग्रंथालयाचं एक पुस्तक अजून आहे.
दोनदा पत्र धाडलं.

अठरावा वेन्डेल ओस्टबी.
खाणकामगारांच्या पेन्शनची मोट बांधून
तो शहरातल्या बँकेत घेऊन गेला
आणि मोट तिकडेच सुटली.
माझ्या भावाची बावीस वर्षं होती तिच्यात.
वेन्डेलच्या शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र
मीच टाइप केलं होतं.
'प्रामाणिक' लिहिताना बोट चुकलं,
तर पांढरी शाई लावून, फुंकर घालून,
शब्द पुन्हा नीट उठवला.

मिलान शिडी घेऊन आला, फोटो उतरवला.
खाली भिंतीचा मूळ रंग निघाला, लोण्यासारखा.
बाकीची भिंत किती काळवंडलीय
ते आम्हाला त्या दिवशी कळलं.

समिती बसली. कॉफी, दालचिनीचे बन.
मी नाव सुचवलं: आयली राऊतिओ.
अकरावीत होती तेव्हा आई गेली, मागे चार भाऊ;
फेब्रुवारीत येऊन पुस्तकं परत केली,
एकाचा कोपरा दुमडला होता त्याची माफी मागितली.
मग एकतीस वर्षं सात नंबरची बस.
उणे तीसमध्येही तिची बस सुरू व्हायची.
आर्ने मांडीवर पॅड घेऊन, डोलोरेस काचेला नाक लावून,
वेन्डेलही तिच्याच बसमध्ये.
एकदा त्याने कुणाचा तरी डबा हिसकावला,
तर आयलीने इंजिनच बंद केलं.
डबा परत गेला तेव्हा बस हलली.
सगळे उशिरा आले. उशिराच्या चिठ्ठ्या मी फाडल्या.

अध्यक्ष म्हणाले, नियम आठ:
माजी विद्यार्थी म्हणजे उत्तीर्ण.
मी कार्ड काढलं. त्यावर शिक्का, 'शाळा सोडली',
आणि शिक्क्याखाली आद्याक्षरं,
नव्या नोकरीतली, वळणदार, माझीच.

आयलीला सांगितलं तर ती हसत सुटली.
"मला नका बाई टांगू तिथे,
त्या बोळात फार गार वारा येतो."

वर्षभर जागा तशीच राहिली.
मग अग्निशमन खात्याचा माणूस तपासणीला आला, रागावला,
आणि मिलानने तिथे नकाशा लावला:
आग लागली तर कुठून निघायचं.
हिरवे बाण, दोन दारं,
आणि एक लाल ठिपका: तुम्ही इथे आहात.

जेवणाच्या सुट्टीत नववीची पोरं
त्या भिंतीवरचं तेवढंच वाचतात.
ठिपक्यावर बोट टेकवून
एकमेकांना सांगतात, हा बघ, हा मी.
ठिपका आताशा बराच पुसट झालाय.