पुढचा बदल

आडेरितूच्या गॅरेजात मी तेव्हा नवा.
टॉर्च धरायचा,
आणि पाना मागितला की बरोबर नंबरचा द्यायचा.
मिरांदेला गाव, नोव्हेंबर.
ऑलिव्हच्या घाण्यांचा कडवट वास थेट आमच्या रॅम्पपर्यंत.

दोना देओलिंदा गाडी घेऊन आल्या.
छोटी, पांढरी; एक दार दुसऱ्याच पांढऱ्याचं.
"फक्त ऑइल," म्हणाल्या, "आणि ते वायपरचं रबर. रडतं."

बॉनेटखाली, एअर फिल्टरच्या डब्यावर
सेलोटेपनं चिकटवलेली चिठ्ठी, पिवळी पडलेली:
पट्टा बदलला. मार्च २००९. ८८,४००.
अक्षर बेल्मीरूचं.
भट्टीत घालण्याआधी पावाला द्यावा
तसा प्रत्येक आकड्याला एक काप.

मीटरवर आता एक लाख सतरा हजार.
"टायमिंग बेल्ट," आडेरितू म्हणाला.
दोना देओलिंदांनी बोटांवर वजाबाकी केली.
"पुस्तकात एक लाख वीस हजारांनी बदला म्हटलंय.
अजून नव्वद हजार उरलेत की!
आणि ही चालते कुठे?
गुरुवारी बाजार, रविवारी स्मशानभूमी,
जाताना दोन्हीकडे उतारच."

"पुस्तकात 'किंवा' आहे, दोना.
इतके किलोमीटर किंवा दहा वर्षं.
जे आधी भरेल ते."

कव्हर काढलं. मी टॉर्च जवळ नेला.
पट्टा दिसायला धडधाकट.
आडेरितूनं तो अंगठ्यानं मागे वाकवला
आणि भेगा दिसल्या, बारीक,
थंडीत टाचांना पडतात तशा.
"उभ्या गाडीतही रबर म्हातारं होतं."
"तुटायच्या आधी आवाज तरी करेल?"
"साखळी कुरकुरते. पट्टा नाही.
शेवटच्या सकाळीसुद्धा तो गप्पच असतो."

यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्यानं तेलकट मूठ वर नेली: हा पिस्टन.
दुसऱ्या हाताची बोटं खाली आणली: हे व्हॉल्व्ह.
"जागा एकच. हा येतो तेव्हा ते निघून गेलेले असतात.
वेळा सांभाळतो तो पट्टा. तो सुटला की..."
मूठ बोटांवर आदळली.

"कळलं," त्या म्हणाल्या.
"तो रात्री बेकरीत, मी दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात.
एकतीस वर्षं पलंग एकच.
मी उठायचे, तो निजायचा,
चादर कधी गार झाली नाही.
मग तो रिटायर झाला
आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही
मिठाच्या बरणीवरून असे आदळलो
की शेजारीण धावत आली."
हसल्या. वायपरसारख्या, थोडं रडत.

"पाण्याचा पंपही बदलू," आडेरितू म्हणाला,
"एवढं उघडलंच आहे तर."
"दात काढणाऱ्यासारखं बोलतोस," त्या म्हणाल्या,
पण किल्ली टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी खुणेला खूण जुळवून नवा पट्टा चढला.
चावी लावण्याआधी आडेरितूनं मला पाना दिला:
"हातानं फिरव. दोन पूर्ण फेरे. अडलं तर थांब."
अडलं नाही.
आयुष्यात पहिल्यांदा मी एक इंजिन
इतक्या हळू फिरताना पाहिलं.

संध्याकाळी दोना देओलिंदांनी
जुना पट्टा मागून घेतला, द्राक्षवेलीला बांधायला.
मग माझ्या कानामागची पेन्सिल मागितली.
बेल्मीरूच्या चिठ्ठीखाली दुसरी चिकटवली.
तारीख. आकडा मला विचारून.
आणि एक रिकामी ओळ: पुढचा बदल.

"दहा वर्षांनी," आडेरितू जरा चाचरत म्हणाला.
"म्हणजे मी शहाऐंशीची."
पेन्सिल थांबली.
रस्त्यावरून ऑलिव्हचा ट्रॅक्टर गेला,
गॅरेजचा पत्रा थरथरला.

"लिहायला काय जातं," म्हणाल्या,
आणि साल लिहिलं,
प्रत्येक आकड्याला एक काप देऊन.