दुभाष्या

मे महिन्याचं शिबिर, शिरोड्याच्या सुरूच्या बनात.
सत्तेचाळीस पोरं, दोन हंडे, एक गळका नळ,
आणि बुसानहून आलेला जून-हो,
ज्याच्या इंग्रजीचं मराठी करायला
मला ठेवलेलं.

पहिल्या रात्री तो म्हणाला, मी सेवा द्यायला आलोय.
मी सांगितलं, हा तुम्हांला भेटायला आलाय.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
त्यालाही वाटलं, नीट पोचलं.

तिसऱ्या दिवशी त्याने फणस फोडायला घेतला,
कुणी न सांगता, हाताला तेल न लावता.
दहाही बोटं चिकटली एकमेकांना,
प्रार्थनेला जोडावीत तशी,
पण सुटेनात.
साबण झाला. वाळू झाली. समुद्र झाला.
पोरं हसून लोळली.

रोदाबाईने भाकऱ्या थापायच्या थांबवल्या.
"मेल्या, चीक पाण्यान जाता काय?"
याचं मी भाषांतर केलं नाही.
खोबरेल घेऊन ती त्याच्यासमोर उकिडवी बसली
आणि एकेक बोट सोडवत गेली
नखांच्या कडांपर्यंत,
नातवाचं करावं तसं.

तो मान खाली घालून काहीतरी पुटपुटला,
त्याच्या स्वतःच्या भाषेत.
ती म्हणाली, "होय रे बाबा. जेव आता."

मी मध्ये उभा,
बिनकामाचा.

शेवटच्या रात्री साक्ष द्यायला तो उठला,
माझ्याकडे बघितलं, थांबला,
आणि दोन्ही हात पोरांसमोर उघडे धरले.
करंगळीच्या बेचक्यात अजून एक काळा डाग होता.

"फणस!" मागून कुणीतरी ओरडलं.